मी बसायची उशी नाही

मित्रांनो, मी एक जुनं लाइफ जॅकेट आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, आज माझं डोकं फिरलेलं आहे. गोडगोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसरीकडे जा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. अंगावर नारिंगी कापड, पोटात फोम, पुढे पट्टे आणि बकलं. मला पाण्याच्या टाकीत दाबून तपासलं, तेव्हा मी टुणकन वर आलो. तपासणाऱ्या बाईने माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, आता जन्मभर कुणाच्या तरी छातीशी बांधलेला राहीन. कसलं काय!

तसा माझा पहिला मालक शहाणा होता. एक अमेरिकन म्हातारा. किनाऱ्यावरच मला अंगात घालायचा, बकलं लावायचा आणि मगच बोटीत पाय टाकायचा. ते दिवस सुखाचे होते. पुढे त्याचे गुडघे गेले आणि त्याने बोट विकली. बोटीबरोबर मीही देवदत्तकडे आलो.

देवदत्त मूळचा पुण्याचा, राहतो अमेरिकेत, एडिसनला. आठवडाभर लॅपटॉपसमोर बसतो आणि शनिवारी बोट गाडीला जोडून डोंगरातल्या एका खोल तळ्यावर येतो. त्याला वेड ट्राउटचं. हा मासा थंड पाण्यातला. उन्हाळ्यात दिवसभर तळाशी दडून बसतो, अंधार पडला की वर येतो. म्हणून रात्री पाण्यात हिरवा दिवा सोडायचा. उजेडाला बारके मासे जमतात आणि त्यांना खायला ट्राउट येतो. गळाची दोरी किती सोडायची, कधी ओढायची, सगळं देवदत्तला तोंडपाठ. मी मात्र सीटखाली.

"नियम आहे म्हणून ठेवायचं, यार. ते घातलं की हातच हलत नाही," असं तो मित्रांना सांगायचा. हात हलत नाही म्हणे! थर्मासमधला चहा ओतताना बरा हलतो!

गेल्या उन्हाळ्यात त्याचे विष्णूकाका आणि मालिनीकाकू नागपूरहून आले. बोटीत चढतानाच काका म्हणाले, "देवा, मला पोहता येत नाही हं." मी खूश झालो. म्हटलं, आता तरी माझी पाळी! देवदत्तने मला सीटखालून काढलंही.

"काका, फळी टोचेल तुम्हाला. हे घ्या खाली."

आपल्या माणसांची ही रीतच आहे. वडीलधारं माणूस आलं की त्याला आधी मऊ आसन द्यायचं. काकूंनी माझी छान घडी घातली आणि काका ऐसपैस माझ्यावर बसले. अरे, आदर करायचाय ना? मग आधी माणूस जिवंत ठेवा! पण माझं ऐकतो कोण.

तेवढ्यात गळाला ट्राउट लागला. "आला, आला! लाइट इकडे द्या!" देवदत्त ओरडला. बघायला काका उठले, काकूही उठल्या. सगळा भार एका बाजूला गेला, बोट कलंडली आणि काका पाण्यात पडले.

आणि मी? मी सीटवर. घडी घातलेला, कोरडा ठणठणीत. इतका संताप मला जन्मात आला नव्हता.

काका एकदा वर आले आणि पुन्हा खाली गेले. देवदत्त नुसताच "काका, काका" करत होता. काकूंनी मला उचलून भिरकावलं. "अहो, धरा! धरा ते!" काकांचा हात माझ्या पट्ट्याला लागला. त्यांनी मला जी मिठी मारली, ती मी विसरणार नाही. पाणी गार होतं, त्यांचे दात वाजत होते, पण मी त्यांना सोडलं नाही. देवदत्तने आम्हा दोघांना वर ओढलं तेव्हा तो ढसाढसा रडत होता.

मग काय, कौतुकच कौतुक! दसऱ्याला गॅरेजमध्ये बोटीची आणि गळांची पूजा झाली. मलाही हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. फोटो फॅमिली ग्रुपवर गेला आणि काकांनी नागपूरहून हात जोडल्याची चित्रं पाठवली. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू? वाटलं, चला, धडा शिकले.

शिकले म्हणे! आज रात्री आम्ही पुन्हा त्याच तळ्यावर आलो आहोत. देवदत्तची बायको आश्लेषा, तिची आई भारतातून आली आहे. त्यांनाही पोहता येत नाही, हे त्यांनी गाडीतच सांगितलं. आणि देवदत्तने आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत, माझी घडी घातली. हळदीचा डाग वर राहील अशी.

"या आई. तुमच्यासाठी मऊ सीट केलीय."

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. बकल लावायला मला हात नाहीत. हात तुम्हाला आहेत. तुमच्या घरचं कुणी बोटीत चढत असेल, तर आधी मला त्यांच्या अंगात घाला, बकलं लावा आणि ओढून बघा. मला तुमचं हळदकुंकू नको. मला बांधा.

लवकर. आईंचा एक पाय बोटीत पडलासुद्धा.