खिळ्यावर राहिलेला बिल्ला

हो, मीच बोलतोय, सात नंबरचा पितळी बिल्ला. मला तोंड नाही, पण आता गप्पही बसवत नाही. ज्या नगरपालिकेच्या बंबखान्यात मी राहतो तिचं नाव विचारू नका. जळगाव जिल्ह्यात आहे, एवढं पुरे. नाव घ्यायचीसुद्धा किळस येते.

माझा जन्म मात्र चांगल्या हेतूनं झाला. अठ्ठ्याऐंशी साली बंबखान्यात एक नवे साहेब आले. आगीत शिरलेला जवान धुरात दिसत नाही, त्याची हाक ऐकू येत नाही. मग तो आत आहे की बाहेर, हे कळायचं कसं? साहेबांनी तांबटाकडून आम्हाला कापून घेतलं, नंबर ठोकले आणि खिळे मारलेली एक फळी केली. आत जाताना आपला बिल्ला दाराशी फळीवर टांगायचा, बाहेर आलं की काढून घ्यायचा. फळीवर बिल्ला राहिला, म्हणजे माणूस आत राहिला. त्याला शोधायला धावायचं.

पहिली दोन वर्षं असंच चाललं. मग साहेबांची बदली झाली आणि झुलाल जमादाराच्या हाती कारभार आला. चांगली गोष्ट माणसांना पचत नाही हेच खरं. फळी पडवीत लागली आणि आमची हजेरी झाली. बिल्ला टांगलेला असला की माणूस कामावर! आगीची वर्दी आली की ती भरलेली फळी तशीच उचलून बंबात टाकायची. ज्याच्या जिवासाठी आम्ही जन्मलो, त्याच्या पगारासाठी आम्ही लोंबकळू लागलो.

माझा मालक अभिमन हा झुलालचा मेहुणा. तो कामावर कमी आणि लग्नाच्या पंगतीत जास्त. तो नसला की झुलाल मला स्वतःच्या हातानं टांगायचा. जुन्या सगळ्यांना ठाऊक होतं, पण जमादाराशी वैर कोण घेणार? पाण्यात राहून माशाशी वैर नको, म्हणे. थू असल्या शहाणपणावर!

माघातल्या एका दुपारी दीपचंदशेठच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठी पेटल्या. त्या दिवशी अभिमन सावद्याला लग्नात होता आणि मी हजर होतो.

दोन बंब गेले, भरलेली फळी पुढच्या दाराशी टेकवली. पहिल्या बंबावरचे जवान मागच्या बाजूनं पाणी मारत होते, दुसऱ्यावरचे तोंडाला ओली फडकी बांधून पुढच्या दारानं आत शिरले. घटकाभरानं छप्पर करकरू लागलं तशी झुलालनं शिट्टी मारली. एकेक जण खोकत बाहेर आला आणि आपापला बिल्ला काढून घेऊन गेला. मागचेही आले. फळीवर मी एकटा उरलो.

जीवराम नावाचा नवा जवान दुसऱ्या बंबावरून आला होता; पहिल्यावर कोण कोण होतं ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं मला पाहिलं आणि ओरडला, "अभिमन मझार शे! त्याना बिल्ला आठे टांगेल शे!"

शेजारी नगरपालिकेचे मुख्याधिकारी उभे होते. त्यांनी झुलालला विचारलं, "जमादार, तुमचा माणूस आत आहे का?"

एक 'नाही' पुरे होतं. झुलालनं माझ्याकडे पाहिलं, मग मुख्याधिकाऱ्यांकडे. 'नाही' म्हटलं तर खोटी हजेरी उघडी पडणार होती. म्हणाला, "असेल साहेब. धुरात काय कळतं?"

"मी जास," जीवराम म्हणाला. नियम पाळणारा तो एकटाच. त्यानं आपला चार नंबरचा बिल्ला पुन्हा माझ्या शेजारी टांगला आणि आत गेला. आतून त्याची हाक येत होती, "अभिमन! ए अभिमन!" मला गळा असता तर मी फोडून घेतला असता. झुलालला गळा होता. तो मान खाली घालून उभा राहिला.

मग छप्पर कोसळलं.

संध्याकाळी चार नंबर काढायला कुणाचा हात धजेना. अभिमन दुसऱ्या दिवशी लग्नाचे लाडू घेऊन आला. तोवर झुलालनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की अभिमन बेशुद्ध होता, शुद्धीवर येऊन मागच्या खिडकीतून निघाला. नगरपालिकेत त्याला शाल-नारळ मिळाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत पहिल्या बंबावरचे जवानही होते, अभिमन आपल्याबरोबर आलाच नव्हता हे पक्कं ठाऊक असलेले. आगीची इतकी घाण वाटली नाही मला, जितकी त्या टाळ्यांची वाटली.

जीवरामची बायको सुगंधाबाई. नवऱ्यानं ज्याच्यासाठी जीव दिला तो आपला भाऊ, असं तिनं मानलं. दर भाऊबीजेला ती ताट घेऊन बंबखान्यात येते. अभिमन पाटावर बसतो, मी त्याच्या पट्ट्याला. ओवाळून झालं की ती हळूच नवऱ्याबद्दल विचारते, "भाऊ, त्या तुमले मझार भेटनात ना? काय बोलनात?"

"तुमनंच नाव लिधं, वहिनी," तो सांगतो.

ती पदरानं डोळे पुसते. "आखो एकदाव सांगा भाऊ." आणि तो पुन्हा सांगतो. दर वर्षी थोडं वाढवून सांगतो. यंदा तर त्यानं तिच्या धाकट्या लेकीचं नावही जीवरामच्या तोंडी घातलं.

बाबांनो, तुमच्यापैकी कुणाला दया आली तर मला तांबटाकडे न्या आणि वितळवा, नाहीतर एखाद्या विहिरीत फेकून द्या. पण पुढच्या भाऊबीजेला मला त्या पट्ट्याला ठेवू नका.