अस्वलिणीची वेसण

"हाताला खाज सुटलीया का तुमच्या?" द्वारका नवऱ्यावर कडाडली. "बैल न्हाय त्यो! अस्वल हाय!"

"येसण ती येसण," हणमंत बाह्या सारत म्हणाला. "कुणी जवळ जाईना त्या बैलांच्या काढल्यात म्या."

हणमंत फौजेतून सुटला तो गावी न जाता गुडगावच्या अंगाला एका बिल्डरच्या माळावर राखणीला राहिला. चौऱ्याण्णव साल ते. अरवलीच्या बोडक्या टेकडीखाली चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले होते, आणि त्यांना जंगलातली घरं म्हणायचं ठरलं होतं. जंगल म्हणाल तर नुसत्या वेड्या बाभळी. पण जंगल म्हटलं की जनावर हवंच. म्हणून कंपनीचा पुण्याचा फोटोवाला, निहार, हायवेवरचा दरवेशी गाडीत घालून घेऊन आला, अस्वलीण आणि तिच्या दोन पिल्लांसकट. जाहिरातीत ती रानटी दिसायला हवी होती. नाकात दोरी घातलेलं रानटी जनावर कुणी पाहिलंय?

"साब, इसके दाँत निकाले हैं, नाखून नहीं," वेसण सोडायला न धजणारा दरवेशी मागं सरत म्हणाला. पिल्लांची नाकं मात्र अजून कोरी होती. होळी झाली की तापल्या सुईनं टोचायची, असं त्यानं सहज सांगितलं. द्वारकेनं पदर तोंडाला लावला.

"काका, बस पाच मिनिटं. चलो, लाइट जातोय यार," निहार कॅमेऱ्याआडून ओरडला.

हणमंत पुढं झाला. अस्वलीण घुरघुरली. द्वारकेच्या मामाचा अर्धा चेहरा कोयनेच्या रानात अस्वलानंच नेला होता, त्यामुळं तिनं हात जोडले. "आई काळूबाई, धनी तेवढा राख," एवढंच ती पुटपुटत राहिली.

गाठ सुटली. रक्तापुवानं माखलेली दोरी नाकातून सरकत बाहेर आली. अस्वलिणीनं मान झटकली. पिल्लं तिच्या पाठीवर चढली आणि निहारचा कॅमेरा खटाखट वाजू लागला.

रोल संपला तेव्हा कुठं साऱ्यांना सुचलं की आता वेसण परत घालणार कोण. तहान लागल्यावर विहीर खणणारी ही माणसं! तोवर अस्वलीण पिल्लं घेऊन टेकडी चढू लागली होती.

दरवेशाचं तोंड उतरलं. त्याची चूल तिच्यावरच पेटायची. त्यानं घाईघाईनं डमरू काढला आणि वाजवला. ती थांबली.

"पळ गं बये!" कोण ओरडलं म्हणून पाहतो तर द्वारका! मघाशी देवीचा धावा करणारी बाई हातात ढेकूळ घेऊन धावत सुटली होती. "मागं बगू नगंस! पळ!"

ढेकूळ अस्वलिणीच्या पायाशी फुटलं. तिनं वर बाभळीकडं पाहिलं. डमरू वाजतच होता. ती वळली, खाली आली आणि दोन पायांवर उभी राहून नाचू लागली. पिल्लं घसरून मातीत पडली. नाच संपल्यावर तिनं हणमंतापुढं मान खाली घातली आणि नाक आपणहून पुढं केलं.

हणमंताच्या हातातली दोरी गळून पडली. "माझ्यानं न्हाय व्हायचं," तो म्हणाला. मग दरवेशानंच ती ओवली.

"एकदम नॅचरल आलेत फोटो, काका," निहार बॅग आवरत म्हणाला.

द्वारका चुन्याच्या रेघेवरच बसली होती आणि अस्वलिणीला शिव्या देत होती.

"मुडदा बशिवला तुजा! पाठीवर लेकरं हुती की गं. त्येंच्यापायी तरी पळायचंस."