रिकाम्या कप्प्यांची थंडी

मित्रांनो, मी औषधाच्या दुकानातला एक जुना फ्रीज. माझ्या पोटात कधी आइस्क्रीम नव्हतं, पाण्याची बाटलीसुद्धा नाही. कारखान्यातून आलो त्याच दिवशी दुकानदारकाकांनी दारावर चिठ्ठी लावली, ‘फक्त औषधं’. दोन अंशांच्या खाली जायचं नाही, आठच्या वर चढायचं नाही. पंधरा वर्षं मी इन्सुलिन असंच जपलं. दाराला गंज चढला, पण काका गिऱ्हाइकांना सांगत, “हा माझा जुना माणूस आहे.” तेव्हा मला बरं वाटे.

मग साथ आली. रस्ते बंद झाले. पहिल्याच आठवड्यात ओळखीचे एक साहेब आले आणि त्यांनी वर्षभराचं इन्सुलिन मागितलं. इतरांनाही लागतं, असं काका पुटपुटले. पण जुनी ओळख, नाही कसं म्हणणार? भीड भिकेची बहीण म्हणतात, ते खोटं नाही. माझे कप्पे रिकामे झाले आणि मला दारही घट्ट धरून ठेवता आलं नाही.

त्यानंतर चौथ्या दिवशी शिंपीणमावशी आल्या. साऱ्या गल्लीचे मास्क त्याच शिवत. त्यांच्या मुलीला सहाव्या वर्षापासून इन्सुलिन लागतं. एक दिवस चुकवून चालत नाही. काकांनी माझं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. जणू दुसऱ्या खेपेला काही सापडणार होतं. माल घेऊन निघालेली गाडी नाक्यावर अडली होती. मावशी घरातल्या शेवटच्या बाटलीतून थोडं थोडं देत राहिल्या आणि रोज येऊन ‘उद्या येईल’ ऐकून गेल्या. मी मात्र घरघरत रिकाम्या फळ्या थंड करत होतो. असली चीड मला जन्मात आली नव्हती.

एके सकाळी मावशी आल्या नाहीत. शेजारीण सांगत आली, पोरीला उलट्या लागल्या, धाप लागली, दवाखान्यात नेलंय.

त्याच दुपारी साहेब आले. जास्त टिकावं म्हणून त्यांनी सगळ्या बाटल्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या होत्या. त्या गोठल्या. आता बदलून हव्या होत्या. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही. काकांनी त्यांच्या पिशवीतून एकेक बाटली काढून काउंटरवर मांडली.

“साहेब, यात त्या पोरीचं अख्खं वर्ष निघालं असतं.”

“कोणती पोर?” साहेबांनी विचारलं.

काकांनी बाटल्या त्यांच्या पिशवीत परत भरून दिल्या.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. पोरगी नऊ दिवसांनी घरी परतली, अर्धी होऊन. मावशी दुकानात आल्या तेव्हा काकांनी न मागता दोन महिन्यांचं पुढे केलं. मावशींनी निम्मं परत सरकवलं.

“राहू द्या. अजून कुणीतरी येईल.”

मित्रांनो, औषध गरजेपुरतं घ्या आणि सांगितलं तसं ठेवा. थंडी धरून ठेवणं माझं काम आहे, ते मी मोडेपर्यंत करीन. पण कुणासाठी किती मागे ठेवायचं, हे मला कळत नाही. ते तुम्हालाच बघावं लागेल.