मैनाबाई, द्वारा शेषराव

मी एक जुना रबरी शिक्का आहे, मित्रांनो, पण कुठल्या साहेबाच्या टेबलावर मी कधी बसलो नाही. माझा जन्म एका झिजलेल्या निळ्या स्लीपरच्या टाचेतून झाला. अमरावतीच्या रागिणीताई शाळेत चित्रकला शिकवतात आणि टाकाऊ वस्तू त्यांच्याने टाकवत नाहीत. त्यांनी माझ्यावर एका बाईचा चेहरा कोरला. टपोरे डोळे, ठसठशीत नाक, भला मोठा अंबाडा आणि खाली नाव, ‘मैनाबाई’.

मैनाबाई नावाचं खरं कुणीच नव्हतं. रागिणीताई आणि त्यांचे दोन पत्रमित्र मिळून हा खेळ खेळायचे. मी ज्याच्याकडे, तो महिनाभर मैनाबाई. त्याने हाताने कार्डं बनवायची, मैनाबाई होऊन मजकूर लिहायचा, माझा छाप मारून दोघांना धाडायची, दोघांची उत्तरं मैनाबाईच्या नावाने यायची आणि महिना संपला की मला पुढच्या घरी पाठवायचं. अंजनगाव सुर्जीचे धर्मेंद्र कंपाउंडर मैनाबाई झाले की ती सगळ्यांना काढे सांगायची. रागिणीताईंच्या मैनाबाईचा चिखलदऱ्याला कॉफीचा मळा होता म्हणे.

पण खरी मैनाबाई अकोल्याची. तिथे मी शेषरावांकडे असायचो. त्यांचं फुलांचं दुकान. एका चित्रप्रदर्शनात हार पोचवायला गेले, तिथे रागिणीताईंची कार्डं पाहिली आणि हळूच पत्ता उतरवून घेतला. माणूस अबोल, इतका की गिऱ्हाइकाला भावसुद्धा बोटांनी सांगायचे. दुपारी दुकान सामसूम झालं की मला डब्यातून काढायचे, कार्डावर झेंडूच्या पाकळ्या चिकटवायचे आणि असं काही लिहायचे की मला हसू आवरायचं नाही. छाप मात्र अगदी हलक्या हाताने मारायचे. मला ते फार आवडायचं.

पाच वर्षं असं सुखात गेलं. मग दुकानाला रंग काढायचा ठरला आणि माझा डबा घरी आला. गंगूबाईंनी, म्हणजे शेषरावांच्या बायकोने, तो उघडला. आत बाईच्या तोंडाचा शिक्का आणि कार्डांची चवड. प्रत्येकावर पत्ता, ‘मैनाबाई, द्वारा शेषराव फुलवाले, अकोला’.

“संसारात दोन शब्द बोलाले याले जड जाते,” त्या मला मुठीत आवळून म्हणाल्या, “अन् या सटवीच्या चिठ्ठ्या जपून ठेवते!”

मला वाटलं, आता मी चुलीत जाणार. पण गंगूबाई भांडायच्या आधी शहानिशा करणाऱ्या. वरच्याच कार्डावर पाठवणाऱ्याचा अमरावतीचा पत्ता होता. दुसऱ्या दिवशी बहिणीकडे जाते सांगून, मला कमरेच्या पिशवीत कोंबून त्या एसटीत बसल्या. वाटभर त्यांनी पिशवीवरचा हात काढला नाही. मला त्यांची फार कीव आली.

“मैना तूच व्हय का?” दार उघडताच त्यांनी विचारलं.

रागिणीताईंनी आधी पाणी दिलं, मग खेळ समजावला. गंगूबाईंचा विश्वास बसेना. शेवटी ताईंनी बिस्किटांच्या डब्यातून अकोल्याची कार्डं काढली आणि वाचू लागल्या. “‘आज गुडघ्यानं मले रडोलं, तरी टोपलंभर अबोली ओवली. तुमी जेवले काय? नसन जेवले तं माह्यासंग बोलू नका.’”

“हे तं मीच बोलत असते!” गंगूबाई उठून उभ्याच राहिल्या.

दुसरं कार्ड, तिसरं कार्ड. सगळीकडे त्याच. त्यांचा गुडघा, त्यांचा कडक चहा, त्यांचं रागावणं. शेषराव पाच वर्षं आपल्या बायकोचंच बोलणं गावोगाव धाडत होते. गंगूबाई हसत होत्या, तेवढ्यात ताईंनी पुढचं कार्ड वाचलं. “‘आमचा माणूस मुका हाय. पण हारायच्या ढिगातून माह्या हातचा हार त्याले दुरूनच ओयखू येते.’”

त्यांनी ते कार्ड स्वतःच्या हातात घेतलं. “हे मी कधीच नाई म्हटलं,” त्या हळूच म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

मी त्यांच्याकडे होतो, म्हणजे नियमाने त्याच मैनाबाई. तिथेच त्यांनी एक कार्ड मागून घेतलं, वेणीतली अबोली चिकटवली आणि दोन ओळी लिहिल्या. चटणी कुटल्यासारखा माझा असा छाप हाणला की माझ्या नाकाचा टवका उडाला. कार्ड पोस्टात टाकून त्या अकोल्याला परतल्या आणि नवऱ्याशी चकार शब्द बोलल्या नाहीत.

चौथ्या दिवशी पोस्टमन आला. शेषरावांनी दारातच कार्ड वाचलं. ‘मैनाबाईले समदं समजलं. आता तिच्या नवऱ्यानं तोंडानं सांगावं.’ मग छापातल्या तुटक्या नाकावरून बोट फिरवलं. गंगूबाई सुईत दोरा ओवत होत्या. वर बघत नव्हत्या.

जन्मभर ‘अवं’ म्हणून हाक मारणारा तो माणूस कसाबसा म्हणाला, “गंगू, ठेव थो हार. गुडघा दुखत असन. चहा मी मांडतो.”

मित्रांनो, आता मी चौघांकडे फिरतो, कारण गंगूबाईही खेळात आल्या आहेत. माझं नाक तुटलं ते तुटलंच, त्याचं दुःख नाही. मला उन्हात ठेवू नका, उंदरांपासून जपा, एवढंच मागणं. आणि लांबच्या माणसांना छान छान लिहाल तेव्हा एक कार्ड आपल्या घरच्या पत्त्यावरही टाकत जा.