लिंबू फुटलं की घड्याळ सुरू

रविवार उजाडला की दुसरबीडच्या शिवारातल्या त्या पडीक रानात पाय ठेवायला जागा उरत नसे. भज्यांची गाडी लागलेली, पोरं बाभळीवर चढलेली, बायका बांधावर ओळीने बसलेल्या. मधोमध गावातल्या हर्षलची शर्यतीची जीप घुरघुरत उभी, आणि तिच्या बॉनेटवर तळहात टेकवून, डोळे मिटून वेगनाथ महाराज. अंगात भगवी कफनी, पायात पांढरेशुभ्र स्पोर्ट शूज. देवमाणसाला पळायचे बूट कशाला लागतात, हे कोणी विचारलं नाही.

"मिस्त्रीनं इंजिन बसवलं, पण त्यात प्राण कोणी फुंकला?" महाराजांना माईक लागत नसे. "आतमंधी अकरा रुद्रांचं हॉर्सपॉवर फिरून राह्यलं. दर रविवारी एकेक पाकळी उमलते. पाहा आज."

मिस्त्री म्हणजे राजकुमार. जत्रेतल्या शर्यतीत डोणगावच्या जीपने हर्षलला लागोपाठ धूळ चारली, तेव्हा त्याने भंगारातल्या एका मोठ्या गाडीचं इंजिन आणून, हातांची सालटं काढून या जीपमध्ये बसवलं होतं. आता तो बिचारा गर्दीत मागे उभा राहून हात पुसत होता.

महाराजांनी पुटपुटत जाऊन वाटेवर लिंबू ठेवलं. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू कोण ठेवत नाही? जीप उसळली, लिंबू फुटलं, आणि शालिग्राम सरांच्या अंगठ्याखाली घड्याळ सुरू झालं. रानाला फेरी मारून जीप चुन्याच्या रेघेवर परत आली. सरांनी आकडा वाचला. मागच्या रविवारपेक्षा पुन्हा कमी. त्याच्या मागच्या रविवारपेक्षा तर कितीतरी कमी.

"बोला, वेगनाथ महाराज की..." पुढचं आरोळीत बुडालं.

शालिग्राम सर हायस्कुलात पीटी शिकवत. कोणत्याही बुवाच्या पाया पडल्याचं गावाने पाहिलं नव्हतं. दर स्नेहसंमेलनात त्यांचं अंधश्रद्धेवर भाषण ठरलेलं. पोरं जांभया देत ऐकत आणि सर टाळ्यांसाठी थांबत. म्हणूनच त्यांच्या आकड्याला वजन होतं. महाराज खोटे असतील, पण सरांचं घड्याळ कसं खोटं असेल?

नवं इंजिन बसलं त्या पहिल्या रविवारी सर रेघेवर घड्याळ धरून उभे राहिले, तेव्हा महाराज गोड हसून म्हणाले होते, "सर, पोराचं वय कधीपासून मोजता? जन्मापासून ना? लिंबू फुटलं की गाडीची दृष्ट फुटली, तिथून तिचा जन्म. जन्माच्या आधीचा टाइम कोण मोजते?" सगळे हसले. सरही हसले. एवढ्या लोकांत कोण कटकट करत बसेल? लिंबू तर रेघेच्या जरासं पुढेच होतं. सरांनी मान हलवली, आणि त्या एका मान हलवण्याने सगळा घोटाळा करून ठेवला.

या रविवारी फेरी संपल्यावर सरांच्या खांद्यावर शाल पडली. नारळ घेऊन वळतात तो समोर हर्षलची आई, पुष्पाबाई. मोजकं बोलणारी, भाजीचा मळा एकटीने सांभाळणारी बाई. सोबत नात छकुली, सात वर्षांची, तोंडात भजं कोंबलेली.

"सर, छकुलीच्या गोळ्या बंद केल्या," पुष्पाबाई म्हणाली.

छकुलीला फिट्स यायच्या. गोळ्या सुरू झाल्यापासून थांबल्या होत्या, हे सरांना ठाऊक होतं.

"बंद? डॉक्टरांना विचारलं का?"

"डाक्टर तं म्हणते, मी सांगेपर्यंत घेत राहा. महाराज म्हणते, लिंबाच्या पाण्यानं फिट मुळासकट निघून जाईन. मी बोलण्याले नाही भुलले, सर. असे बाबा लय पाह्यले. पण तुमच्या घड्याळात दिसलं नं. मंग मले इस्वास बसला."

'गोळ्या बंद करू नका' हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात कोणीतरी फोटोसाठी हाक मारली, आणि सर शाल सारखी करत तिकडे गेले. हो, गेले. नंतर त्यांनी स्वतःला किती शिव्या दिल्या, पण गेले हे खरं.

मंगळवारी शाळेच्या मैदानावर मुलींच्या रिलेचा सराव चालला होता. घड्याळात डोकावून करिष्माने विचारलं, "सर, नुसत्या शंभर मीटरले मले जास्त टाइम लागते, अन् रिलेमंधी कमी. काऊन?"

"अगं, एकटी पळतेस तेव्हा उभ्या जागेवरून सुटतेस. अंगाला वेग यायलाच वेळ जातो. रिलेत तू काठी हातात येते तेव्हा आधीच पळत असतेस. घड्याळ तिथून सुरू. पाय तुझे तेच, फक्त मोजायला..."

सरांनी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं.

"मोजायले काय, सर?"

"काही नाही. पाणी प्या."

पाणी मात्र तेच प्यायले. लिंबू! दर रविवारी ते रेघेपासून थोडं थोडं पुढे सरकत होतं. जीप लिंबापर्यंत पोचायची तोवर भरात आलेली असायची, आणि तिथवरचं अंतर फुकटात गेलेलं. पाकळ्या इंजिनात उमलत नव्हत्या, लिंबाबरोबर रस्त्यावर सरकत होत्या. रोज पोरींना शिकवतो ते स्वतःच्या डोळ्यांसमोर दिसू नये?

संध्याकाळी सर पुष्पाबाईच्या घराकडे निघाले. वाटेत तीन जणांनी 'रामराम, सर' म्हणत कौतुक केलं. पारापाशी ते थांबले. आता दारात जाऊन काय सांगायचं, मी मूर्ख आहे म्हणून? त्यापेक्षा रविवारी सगळ्यांसमोरच सांगू, त्यातच शोभा आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि माघारी फिरले.

रविवारची वाट फिटने पाहिली नाही. गुरुवारी सकाळी चहाचं आधण ठेवलेल्या चुलीशेजारी छकुली आखडून पडली, आणि उकळतं पाणी तिच्या हातावर सांडलं. हर्षलने तिला त्याच जीपमध्ये घालून चिखलीच्या दवाखान्यात नेलं. पोर वाचली. कोपरापर्यंत भाजलेला हात मात्र बांधून ठेवावा लागला.

सर दवाखान्याच्या व्हरांड्यापर्यंत गेले. आत पुष्पाबाई नातीच्या उशाशी बसलेली दिसली. डॉक्टर तिला सांगत होते की या गोळ्या अशा एकदम तोडल्या तर जिवावर बेतू शकतं. सर दाराशी उभे राहिले आणि आत न जाता परतले.

रविवारी रानात तीच गर्दी. सर येताना शाळेची जुनी सायकल घेऊन आले.

"महाराज, आज आधी सायकल पळवू," ते म्हणाले आणि करिष्माला बसवलं. एकदा रेघेवरून मोजलं. मग पुढे लिंबू ठेवलं आणि ते फुटल्यावर मोजलं. वेळ कमी भरला. लोक कुजबुजले.

"सायकलीले कोणतं इंजिन बसवलं बे?" मागून कोणीतरी विचारलं.

महाराज डगमगले नाहीत. "कृपा आहे. पूर्ण शिवारात पसरली."

"बरं." सरांनी दुसरं लिंबू उचलून चुन्याच्या रेघेवर ठेवलं. वेळ पुन्हा वाढला. "मग रेघेवर आली की कृपा संपते का, महाराज?" आणि मग पिशवीतून एक वांगं काढून त्यांनी ते पुढे लिंबाच्या जागी ठेवलं. वांगं फुटलं आणि वेळ पुन्हा कमी झाला. बांधावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

शेवटी जीप. रेघेवरून, लिंबाशिवाय. सरांनी आकडा वाचला. "जुनं इंजिन होतं तेव्हा याच रेघेवरून मी टाइम घेतला होता. त्यापेक्षा फक्त एक सेकंद कमी. इंजिनाची खरी प्रगती एवढीच."

राजकुमार पहिल्यांदाच गर्दीतून पुढे आला. "हा एक सेकंद माहा आहे," तो म्हणाला. "लिंबाचा नाही."

महाराज म्हणाले, मंडळींची श्रद्धा पातळ झाली, आज रुद्र रुसले. मग स्पोर्ट शूज एकदाचे कामी आले. चिखलीची एसटी वळणावर दिसली, आणि अकरा रुद्रांचं हॉर्सपॉवर तिच्यामागे धावत सुटलं.

लोक हसत होते. सर हसले नाहीत. "लबाडी त्याची होती," ते म्हणाले, "पण तिच्यावर शिक्का माझ्या घड्याळाचा होता. मला मंगळवारीच कळलं होतं. लाजेपायी गप्प बसलो, आणि पोरीचा हात भाजला. एवढंच मागतो, यापुढे कोणी चमत्काराचा आकडा दाखवला, मग तो बुवा असो की मास्तर, तर त्याला विचारा: मोजायला कुठून सुरुवात केली? पहिल्यांदा आणि दुसऱ्यांदा एकाच जागेवरून मोजलं का? उत्तर मिळेपर्यंत मान हलवू नका. आणि औषध चालू ठेवायचं की थांबवायचं, ते डॉक्टरला विचारा."

पुष्पाबाई बांधावरून उठून जवळ आली. छकुली तिच्या कडेवर होती, पांढऱ्या पट्टीतला हात छातीशी धरून.

"बाबाचा मले राग नाही, सर," ती शांतपणे म्हणाली. "तो खोटा आहे, हे मले पह्यल्या दिवशीच माहीत होतं. मी इस्वास तुमच्यावर ठेवला होता."



त्यांनी ती शाल कोणाला दिली कुणास ठाऊक, पुन्हा दिसली नाही. आता रोज संध्याकाळी ते पुष्पाबाईच्या दारात उभे राहतात. ती त्यांना 'बसा' म्हणत नाही. ते विचारतात, "गोळी घेतली का छकुलीने?" ती भाजी निवडता निवडता, मान वर न करता सांगते, "हाव, घेतली." मग ते घरी जातात.