दोरकाम नसलेली होडी

आमच्या ह्यांना छोटं लाकडी जहाज जुळवायचा संच घेऊन द्यायचं मी ठरवलं ते प्रेमापोटी नव्हे, भीतीपोटी. शनिवारी दुकानाची पायरी चढताना हे मजेत होते, मी नव्हते.

हे दातांचे डॉक्टर. दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर मी बसते. फोन घेते, वेळा देते, अवजारं धुऊन उकळून ठेवते आणि ज्यांना आत जायची धास्ती वाटते त्यांना गप्पांत गुंतवते. गेल्या आठवड्यात आतलं दार नीट लागलं नव्हतं. खुर्चीत एक शिक्षिका डोळे घट्ट मिटून, आ वासून बसल्या होत्या आणि ह्यांच्या हातातली इंजेक्शनची सुई त्यांच्या ओठापाशी नुसती थरथरत होती. ह्यांनी डावा हात उजव्या मनगटाखाली धरला, क्षणभर थांबले, मग सुई आत गेली. बाईंना पत्ता नाही. मी दार लोटून घेतलं आणि बाहेर बसलेल्या पेशंटला एकच प्रश्न दोनदा विचारला.

तेव्हाच विचारायला हवं होतं. एरवी माझं तोंड बंद करायला माणसं ठेवावी लागतील, पण इथे मी मूग गिळून बसले. विचारलं असतं आणि हे ‘हो’ म्हणाले असते, तर? सगळा जन्म ज्या हातांवर काढला, त्या हातांबद्दल विचारायची माझी छाती होईना. आणि त्यात सोमवारी त्याच खुर्चीत माझी धाकटी बहीण बसायची होती. तिची अक्कलदाढ आडवी, मुळं वाकडी, हिरडी कापून काढावी लागणार. ह्यांनीच आपण होऊन तिला फोन करून बोलावलं होतं.

मग मला जहाज सुचलं. लग्नाआधी हे लाकडी जहाजं करायचे. पुढे मुलं रांगायला लागली, घरात बारीक खिळे नकोत म्हणून मीच ते सामान माळ्यावर टाकायला लावलं आणि ते तिथेच राहिलं. असल्या जहाजात खरी परीक्षा दोरकामाची. मोहरीएवढ्या कप्प्यांच्या भोकांतून दोरा ओवायचा, डोलकाठीवर चढणाऱ्या दोरशिडीच्या पायरीपायरीला चिमट्याने गाठ मारायची. लोक आधी सांगाडा करतात, आमचे हे उलटे. आधी फळीवर खिळे ठोकून सगळ्या दोरशिड्या बांधून ठेवायचे, म्हणजे शेवटी कंटाळा यायला नको. म्हणजे रविवारी हे दोरा घेऊन बसणार, गाठ जमणार नाही, आणि मी चकार शब्द न काढता ह्यांचं ह्यांना कळेल. बहिणीच्या तोंडात कळण्यापेक्षा लाकडावर कळलेलं बरं, एवढंच माझं डोकं चाललं.

दुकान अरुंद, छतापर्यंत खोके, आणि सगळीकडे ताज्या तासलेल्या लाकडाचा नि सरसाचा वास. दुकानदार वयस्कर होता. कपाळावर भिंग चढवून तो एका शिडाला इस्त्री करत होता.

‘‘पूर्वी केलंय का?’’ त्याने ह्यांना विचारलं.

‘‘केलंय. मध्ये बराच खंड पडला.’’

‘‘मग लहानच घ्या, साहेब. परत सुरू करणारे सगळे जिथे सोडलं तिथून धरायला जातात. मोठा खोका उचलतात आणि अर्ध्यावर टाकून देतात.’’

मला त्या माणसाचा असा राग आला. ‘‘आमच्या ह्यांनी तीन डोलकाठ्यांचं केलंय,’’ मी म्हटलं. ‘‘तसंच दाखवा. भरपूर दोरकाम असलेलं.’’

‘‘वहिनी, जहाज करायचंय कुणी?’’

‘‘करणार हे. निवडणार मी. आमच्याकडे भाजीसुद्धा अशीच येते.’’

तो हसत स्टुलावर चढला आणि मोठा खोका काउंटरवर ठेवून त्याने झाकण काढलं. पातळ पट्ट्यांच्या जुड्या, पितळी खिळ्यांची पुडी, कप्प्यांची पुडी, जाड-बारीक दोऱ्याची रिळं. पूर्वीचे हे असते तर एव्हाना पट्टी नाकाशी धरून वास घेतला असता, वाकवून बघितली असती. आता नुसते वाकून बघत होते. दोन्ही हात पँटच्या खिशात.

‘‘छान आहे,’’ हे म्हणाले. ‘‘जरा लहान दाखवा.’’

त्याने दोन डोलकाठ्यांचं काढलं.

‘‘ह्यात दोरकाम किती?’’

‘‘आहे की. मजाच त्यात असते.’’

मग एका शिडाचा मचवा निघाला. हात अजून खिशातच. ‘‘आणि ह्यात?’’

‘‘थोडंसं. चार दोऱ्या.’’

‘‘दोरकाम अजिबात नसलेलं काही आहे का?’’

दुकानदाराने खालच्या फळीवरचा खोका दाखवला. वल्ह्यांची होडी. डोलकाठी नाही, शीड नाही, दोरा नावालाही नाही. ‘‘हे लहान मुलंसुद्धा करतात, साहेब. तुम्हाला दोन दिवसांत कंटाळा येईल.’’

‘‘हीच द्या,’’ हे म्हणाले.

दुकानदार त्याच होडीचा न उघडलेला खोका आणायला मागच्या खोलीत गेला. आम्ही दोघंच उरलो. ह्यांना लाकडावर कळावं म्हणून मी एवढा घाट घातला होता, आणि ह्यांना तर आधीच माहीत होतं.

‘‘कधीपासून?’’ मी विचारलं.

काय कधीपासून, असं ह्यांनी विचारलं नाही. ‘‘झाले काही महिने. गोळ्या चालू आहेत. कमी होतं, जात नाही.’’

‘‘आणि काम?’’

‘‘अवघड दाढा पाठवतोच आहे की दुसरीकडे.’’

खरंच पाठवत होते. पुलापलीकडच्या डॉक्टरीणबाईंकडे. वेळा मीच बदलून देत होते, पेशंटना कारणंही मीच सांगत होते आणि मनात म्हणत होते, वय झालं, आळस वाढला माणसाचा.

‘‘मग धाकटीला का नाही पाठवलं?’’

हे दाराकडे वळले. मी पुन्हा विचारलं.

‘‘बघायचं होतं,’’ हे हळू म्हणाले. ‘‘अजून जमतं का ते. एकदाच. परक्या माणसावर कसं बघणार? काही झालं तर लोक सोडतील का? ती आपली आहे. ती कुठे बोलणार नाही.’’

मी तपासायला लाकूड शोधत होते. ह्यांनी माझी बहीण निवडली होती. आणि हे सांगणारा माणूस कुणी राक्षस नव्हता, माझाच नवरा होता, तोंड उतरलेला, घाबरून अर्धा झालेला. मला त्याची कीव आली आणि त्याची भीतीही वाटली, दोन्ही एकदम.

‘‘हात दाखवा,’’ मी म्हटलं.

ह्यांनी उजवा हात बाहेर काढून काउंटरवर ठेवला. पितळी खिळ्यांची पुडी त्याच्या खाली कुरकुर वाजत राहिली. मी पर्समधून फोन काढला, बहिणीला लावला आणि आवाज मोठा करून ह्यांच्यापुढे धरला.

‘‘अगं, मी नाही,’’ हे कुजबुजले. ‘‘तू सांग. काहीतरी कारण सांग.’’

‘‘कारण सांगायची माझी हौस फिटली. तुम्हीच बोला.’’

दुकानदार खोका घेऊन आला, आमची तोंडं बघून दारातच थांबला.

‘‘काय भाऊजी,’’ फोनमधून बहिणीचा आवाज आला, ‘‘सोमवारची आठवण करायला का? येतेय मी. सकाळी खाऊन येऊ की उपाशी?’’

हे फोनवर वाकले.

‘‘येऊ नकोस,’’ हे म्हणाले. ‘‘माझा हात थरथरतो. मला दाढ काढता येणार नाही. आता कुणाचीच नाही.’’

पलीकडे ती खो-खो हसायला लागली. ‘‘भाऊजी, पुरे हं. आधीच माझं धाबं दणाणलंय, त्यात तुमची थट्टा.’’

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी फोन तसाच धरून ठेवला, आणि तेच सगळं ह्यांना पहिल्यापासून पुन्हा सांगावं लागलं.