पाठमोरी

टक्… न्हाणीघरातल्या दोरीवरचा चिमटा फरशीवर पडला असावा, एवढासाच आवाज, पण ठकी नुकती कुठे झोपली होती म्हणून आईने आधी तिच्याकडेच पाहिलं. नाही, उठली नाही लेक. ती चवड्यांवर चालत आत गेली. ठकीच्या मोज्यांशेजारी नवऱ्याने रात्री धुतलेले फोटो वाळत होते आणि त्यातला एक, चिमटा निसटल्यामुळे, एका कोपऱ्यावर लोंबकळत होता.

तो नीट लावायचा आणि बाहेर यायचं, बस्स. दुपारचा हा तास तिचा एकटीचा. तो या परक्या लोकांवर का घालवायचा? सुट्टी असली की नवरा ज्यांच्यामागे रस्तोरस्ती हिंडतो ते हे लोक— पेंगणारा पहारेकरी, जिन्यावर भांडणारं जोडपं… घरच्यांचे फोटो तो काढत नाही. "ओळखीचं माणूस कॅमेरा दिसला की लगेच सावरून बसतं गं." "मग मी अनोळखी होऊ का?" "बघ, जमतंय का!"— हसला होता मेला. वर नणंद मीठ चोळायला तयारच: "वहिनी, तुझी सवत काळी, एकडोळी, आणि सदा दादाच्या गळ्यात!"

पण आज सवत म्हणजे कॅमेरा नव्हता. लोंबणाऱ्या फोटोत एक बाई होती. पाठमोरी, बसथांब्याच्या काचेपलीकडे, अंगात लांब कोट, खांद्याशी मूल धरलेलं… मानेवर सुटलेली एक बट, आणि उजेड नेमका तिथे, हलकेच फुंकर घालावी तसा. किती वेळ थांबला असेल हा, तो उजेड तिथवर येईपर्यंत? मी ताटात काय वाढलं ते बघायला याला फुरसत नसते— आणि या मानेसाठी थांबला! दमलेली होती ती. दमणं इतकं देखणं दिसतं? मीही दमतेच की रोज… कोण गं तू बये? तिने पुसून टाकावं तसं त्या मानेवर बोट फिरवलं. मग नकळत स्वतःच्या.

"आई, कोण आहे?" ठकी दारात, डोळे चोळत.

"कुणी नाही गं. एक बाई." तिने तिला कडेवर घेतलं. ठकीने फोटोला जवळजवळ नाकच लावलं.

"माझा बूट!"

बाईच्या कोपराखालून डोकावणारा इवलासा बूट— बंद तुटला म्हणून तिनेच त्यावर जुन्या कोटाचं मोठं बटण शिवलेलं. परवा अचानक गारठा पडला, नणंदेच्या घरून निघताना तिने आपलाच कोट हिच्या अंगावर टाकला, बस येता येईना, ठकी खांद्यावरच झोपली… स्वतःची पाठ कुणी कधी पाहिलेली असते?

म्हणजे त्याने ओळखलंच नाही, परकी समजून इतकं पाहिलं? की ओळखलं, आणि तरीही… मानेवर काहीतरी ऊनऊन सरकत गेलं. मत्सर होता तसाच होता. फक्त आता तो कुणाचा करावा ते कळेना.

"मी झोपले होते?"

"हो."

"आणि बाबा तिथेच होता?"

"…हो."

ठकीने बटणावर बोट ठेवलं, विचार केला.

"मग त्याने आपल्याला हाक का नाही मारली?"